पिवळं पान दिसलं की खताची बाटली आधी बाजूला ठेवा

प्रश्न: ताई, घरातल्या एका खोलीत, एलईडी दिव्याखाली, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत भरलेल्या ट्रेमध्ये मी टोमॅटो आणि मिरचीची रोपं केली आहेत. उगवण छान झाली. पण आता टोमॅटोची खालची पानं पिवळी पडू लागलीत, काहींच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्यात आणि वरच्या पानांवर फिकट चट्टे दिसतात. काही पानं खालून जांभळटही आहेत. मिरचीच्या शेंड्याची पानं चुरगळल्यासारखी झालीत. दिवा चोवीस तास चालू असतो, पाणी रोज सकाळी न चुकता घालते. पानं पिवळी दिसल्यावर आठवड्यातून दोनदा द्रवरूप खत सुरू केलं, तरी फरक नाही. उलट वाढतच चाललंय. ट्रेभोवती बारीक काळ्या माश्याही उडतात. नेमकं कोणतं अन्नद्रव्य कमी पडतंय? रोपं वाचतील का? – एक वाचक

उत्तर: पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकच वाटलं: तुमच्या रोपांना कमी काहीच पडत नाहीये, सगळं जास्त होतंय. पाणी जास्त, उजेड जास्त आणि त्यावर खत जास्त. पानं पिवळी पडली की खत द्यावंसं वाटतं, आणि ते मायेपोटीच वाटतं. पण घरात, ट्रेमध्ये वाढणाऱ्या कोवळ्या रोपांच्या बाबतीत पिवळेपणाचं पहिलं कारण बहुतेक वेळा मुळाशी साचलेलं पाणी असतं. म्हणून आज खताची बाटली कपाटात ठेवा आणि निदान दोन आठवडे तिला हात लावू नका. बाकीचं आपण क्रमाने बघू.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण निम्मं दुखणं तिथेच आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कोकोपीटच्या कणांमधल्या पोकळ्या रोजच्या पाण्याने भरलेल्याच राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, त्यांचं काम थंडावतं आणि आजूबाजूला अन्नद्रव्यं असूनही ती उचलता येत नाहीत. मग रोप खालच्या, जुन्या पानांतलं नत्र (नायट्रोजन) काढून शेंड्याला पुरवतं आणि खालची पानं पिवळी पडतात. दिसायला हे हुबेहूब खत कमी पडल्यासारखं दिसतं. इथेच फसगत होते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर आहे पण तिच्यात हवाही खेळते आहे, ती स्थिती तुमच्या ट्रेला बहुधा उगवणीनंतर मिळालेलीच नाही.

खात्री करायची असेल तर एक रोप मोकळ्या मनाने तपासणीसाठी द्या. मधलं, मध्यम आजारी रोप निवडा. सकाळचं पाणी न घालता संध्याकाळी ते खालून दाबून मुळांच्या गठ्ठ्यासकट बाहेर काढा. गठ्ठा हातात धरून हलकेच दाबला आणि पाणी टपकलं, तर तो अजून फार ओला आहे. आता मुळं बघा. निरोगी मूळ पांढरं, टणक असतं आणि त्यावर बारीक लव दिसते. सडायला लागलेलं मूळ तपकिरी, मऊ असतं. ते चिमटीत धरून अलगद ओढलं की वरची साल सुटून बोटांत येते आणि आत केसासारखा बारीक धागा उरतो. नाकाजवळ नेल्यावर कुबट वास आला तर शंका उरत नाही. पानांकडे तासभर बघून जे कळत नाही, ते या तपासणीत लगेच कळतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पानाचं दुखणं असलं तरी आधी मूळ बघा.

मुळं पांढरी असतील, किंवा पांढऱ्यांत थोडीच तपकिरी असतील, तर काळजी करू नका. पाणी थांबवा. भरलेला ट्रे आणि कोरडा ट्रे यांच्या वजनातला फरक हाताला दोन-चार दिवसांत कळायला लागतो. उचलल्यावर ट्रे हलका लागला आणि वरचा थर फिकट झाला की मगच पाणी. मात्र कोकोपीट फसवतं: वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, वजन बघा. पाणी शक्यतो खालून द्या. पसरट भांड्यात पाणी घेऊन ट्रे वीस-तीस मिनिटं त्यात ठेवा, वरचा थर ओलसर झाला की बाहेर काढून निथळू द्या आणि भांड्यात उरलेलं पाणी ओतून टाका. ट्रे पाण्यात उभा राहू देऊ नका. पाणी खोलीच्या तापमानाचं असावं. अमुक दिवसांनी पाणी द्या असं वेळापत्रक मी देणार नाही, कारण ते खोलीतली हवा, रोपाचं वय आणि कप्प्याचा आकार यांवर ठरतं. तुमचं 'रोज सकाळी' मोडायचं ते यासाठीच.

आता कुरकुरीत तपकिरी कडांबद्दल. खतातले क्षार रोपाने वापरले नाहीत तर मातीत साठतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. माती क्षारयुक्त झाली की मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि त्याचा फटका पाण्याच्या वाटेवरच्या शेवटच्या टोकांना, म्हणजे पानांच्या टोकांना आणि कडांना बसतो. मातीवर किंवा ट्रेच्या काठावर पांढरट पापुद्रा दिसतो का बघा. दिसला तर निदान पक्कं. तुमच्या मिश्रणात गांडूळखत आहेच, शिवाय कोकोपीट नीट धुतलेलं नसेल तर त्यातही क्षार असतात. वरून आठवड्याला दोन वेळा द्रवरूप खत म्हणजे फारच झालं. उपाय म्हणजे माती धुऊन काढणं, पण आज नको. आधीच गुदमरलेल्या मुळांवर आणखी पाणी ओतणं बरं नाही. ट्रे हलका होईपर्यंत थांबा, आणि मग तेवढ्या एका वेळी वरून, सावकाश, मातीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी ओतून पूर्ण निथळू द्या. त्यानंतर पुन्हा कोरडं होईपर्यंत हात लावू नका.

तिसरी गोष्ट दिवा. हा मुद्दा टोमॅटोच्या बाबतीत खास आहे. काही पिकं अखंड उजेड सोसतात, टोमॅटो सोसत नाही. रात्र मिळालीच नाही तर त्याच्या पानांवर फिकट पिवळे चट्टे पडतात आणि पुढे तो भाग वाळतो. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. २०१४ साली नेदरलंड्समधल्या संशोधकांनी टोमॅटोच्या रानटी भाईबंदांमध्ये अखंड उजेड सोसण्याचा गुण कुठल्या जनुकाशी जोडलेला आहे तेही दाखवलं. आपल्या लागवडीच्या जातींकडून मात्र ती अपेक्षा धरायची नाही. तुमच्या वरच्या पानांवरचे चट्टे मला त्यातलेच वाटतात. साधा टायमर लावा, १४ ते १६ तास उजेड आणि उरलेला वेळ खरा अंधार. खोलीतला दुसरा दिवाही त्या वेळी बंद ठेवा.

दिव्याचं अंतर तुम्ही लिहिलं नाही. एलईडीची ताकद इतकी वेगवेगळी असते की इंचांत उत्तर देणं चुकीचं ठरेल, पण रोपं स्वतः सांगतात. दिवा फार जवळ असेल तर दिव्याच्या बरोबर खाली असलेल्या रोपांची सर्वांत वरची पानं पांढुरकी पडतात, कडा वर वळून पान द्रोणासारखं होतं आणि ट्रेच्या कडेची रोपं त्या मानाने बरी दिसतात. दिवा फार लांब असेल तर खोड लांबुडकं, बारीक होतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, पानं लहान आणि फिकट राहतात. शेजारच्या रोपांची तुलना करा: नुकसान मधोमध जास्त आहे की सगळीकडे सारखं? या एका प्रश्नाने दिवा दोषी आहे की माती, हे बरंचसं उलगडतं.

तुम्ही विचारलंत, नेमकं कोणतं अन्नद्रव्य? तुमच्या ट्रेला सध्या हा प्रश्न लागू नाही, तरी त्याचं उत्तर नीट देते, कारण पुढे कधीतरी खरी कमतरताही येईल आणि तेव्हा ओळखता आली पाहिजे. पान कोणतं पिवळं आहे, जुनं की नवं, हे आधी बघायचं. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोपाच्या अंगात फिरू शकतात. कमी पडली की रोप ती जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून लक्षण खाली दिसतं. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की हलत नाहीत, त्यामुळे त्यांची कमतरता शेंड्याला, कोवळ्या पानांत दिसते.

त्यानंतर शिरा बघा. खालचं पान शिरांसकट सरसकट पिवळं असेल तर नत्राकडे बोट जातं. खालच्याच पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर मॅग्नेशियम. हेच हिरव्या शिरांचं जाळं शेंड्याच्या नव्या पानांत दिसलं तर लोह. आणि लोहाच्या बाबतीत गंमत अशी की ते मातीत बहुतेक वेळा असतंच. मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचं माप, म्हणजे पीएच) वाढल्यामुळे रोपाला घेता येत नाही. कोकोपीटसारख्या मिश्रणात सामू साधारण ५.५ ते ६.५ असावा. पाणी कठीण, क्षारांचं असेल तर तो हळूहळू वर सरकतो. अशा वेळी लोहाचं खत ओतत बसण्यापेक्षा पाणी बदलून बघणं शहाणपणाचं. पालाश कमी पडला तर जुन्या पानांच्या कडा करपतात, आणि क्षारांच्या अतिरेकानेही कडाच करपतात. म्हणून कडा करपल्यावर खत घालायच्या आधी पांढरा पापुद्रा शोधायचा.

अगदी खालची दोन साधी, गुळगुळीत पानं, म्हणजे बीजपत्रं, पिवळी पडून गळत असतील तर ते दुखणंच नाही. त्यांच्यातला साठा रोपाने वापरला, त्यांचं काम झालं. दोन-तीन जोड खरी पानं आल्यावर हे होणारच. तुमच्या 'खालच्या पिवळ्या पानांत' ही बीजपत्रं किती आहेत तेही मोजा. चिंता थोडी कमी होईल.

पानाखालचा जांभळा रंग म्हणजे स्फुरदाची कमतरता असं सर्रास सांगितलं जातं. बऱ्याचदा स्फुरद मातीत असतो, पण मुळं गारठलेली असल्यामुळे ती तो उचलू शकत नाहीत. ट्रे थंड फरशीवर असेल तर खोलीतली हवा उबदार असूनही माती गार राहते, आणि ओली माती तर आणखीच गार. ट्रे फरशीवरून उचलून लाकडी फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर ठेवा. टोमॅटोच्या रोपांना दिवसा १८ ते २४ अंश सेल्सियस ठीक, मिरचीला त्याहून थोडी जास्त ऊब हवी. तीव्र उजेडानेही हा जांभळेपणा चढतो, त्यामुळे टायमर लावल्यावर तोही उतरेल असं वाटतं.

मिरचीचं मात्र वेगळं प्रकरण असू शकतं, आणि तिथे मी तुम्हाला आजच भिंग हातात घ्यायला सांगते. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरेल. शेंड्याची पानं चुरगळलेली आहेत म्हणता, तर त्यांच्या कडा कुठे वळल्यात? वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल, पानावर चंदेरी ओरखडे आणि बारीक काळे ठिपके दिसत असतील, तर फुलकिडे (थ्रिप्स). कडा खाली वळल्या असतील, पानाचा देठ लांबलेला, पान अरुंद आणि जाडसर, खालची बाजू तांबूस-तपकिरी असेल, तर कोळी ही बारीक कीड (माइट). मिरचीवरचा हा पांढुरका कोळी इतका लहान असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि जाळीही करत नाही. म्हणून 'काहीच कीड नाही' असं समजून माणूस खत घालत राहतो. पानं बारीक, पिवळसर होऊन सगळा शेंडाच आखडला असेल आणि खोलीत पांढरी माशी असेल, तर विषाणूचा चुरडा-मुरडा असू शकतो, आणि त्यावर औषध नाही.

एक पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि शेंड्यावर टिचकी मारा. कागदावर लांबट, चपळ काही पळताना दिसलं तर फुलकिडे सापडले. कीड निघाली तर मिरच्या लगेच टोमॅटोपासून वेगळ्या ठेवा, जास्त बिघडलेली रोपं पिशवीत बांधून घराबाहेर टाका, आणि उरलेल्यांवर वनस्पतींसाठी मिळणारं कीडनाशक साबणद्रावण पानांच्या खालच्या बाजूला पोचेल असं फवारा, दिवा बंद असताना. पाच-सहा दिवसांनी पुन्हा, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. भांडी घासायचं द्रावण वापरू नका. कोवळ्या पानांवरचं मेणाचं आवरण त्याने जातं आणि पान भाजतं. कीड सापडलीच नाही, तर फवारू नका. पाणी आणि खताच्या त्रासानेही मिरचीचा शेंडा आखडतो. तो नव्या पानात सरळ होईल.

काळ्या माश्या तुमच्या ओल्या मातीच्याच पाहुण्या आहेत. माशी स्वतः रोपाला इजा करत नाही, पण तिच्या अळ्या वरच्या थरात राहून बुरशी आणि सोबत कोवळी मुळंही कुरतडतात, आणि तिथून सडवणारी बुरशी आत शिरते. बटाट्याची एक चकती मातीवर ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या चिकटलेल्या दिसल्या तर त्या आहेत. पिवळे चिकट सापळे उडणाऱ्या माश्या पकडतील, पण खरा इलाज वरचा थर कोरडा ठेवणं. तरीही हटल्या नाहीत तर डासांच्या अळ्यांसाठी मिळणारं बीटीआय हे जिवाणू-औषध पाण्यातून द्या आणि तीन-चार आठवडे सातत्य ठेवा, कारण एका पिढीला साधारण तेवढा वेळ लागतो.

एखादं रोप मातीलगत खोड बारीक, पाणचट होऊन आडवं पडलं, तर ते वाचवायच्या मागे लागू नका. ती मर आहे, म्हणजे बुरशीमुळे रोप कोलमडण्याचा रोग. ते रोप आजूबाजूच्या मातीसकट काढा आणि पाणी लगेच कमी करा.

आता रोपं वाचतील का? मुळं पांढरी निघाली तर बहुतेक वाचतील. फक्त चुकीच्या ठिकाणी बघून निराश होऊ नका. तपकिरी झालेली कड परत हिरवी होत नाही, पूर्ण पिवळं पानही बहुधा गळतंच. सुधारणा मोजायची ती शेंड्याच्या नव्या पानात. आज सर्वांत लहान दिसणाऱ्या पानाच्या देठाला सैलसर दोरा बांधा. आठ-दहा दिवसांत त्याच्या वर येणारं पान स्वच्छ, हिरवं, सपाट आलं, तर रोप सावरलं. अर्धी हिरवी पानं तोडू नका, ती अजून अन्न बनवत आहेत. पूर्ण वाळलेली तेवढी काढा.

दुरुस्ती एकदम सगळीकडे करू नका, असं मी एरवी सांगते, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. पण दिवा आणि पाणी या दोन गोष्टी आजच बदला, त्यांना थांबायला वेळ नाही. माती धुणं ट्रे हलका झाल्यावर. खत नवं पान स्वच्छ आल्यावरच, तेही डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाई, आठवड्यातून एकदा, आणि कधीही कोरड्या मातीत नाही. पुढच्या वेळी गांडूळखत मिश्रणाच्या दहा-पंधरा टक्क्यांवर जाऊ देऊ नका. बी उगवल्यावर झाकण असेल तर काढा, आणि एक लहान पंखा अशा बेताने लावा की पानं जेमतेम हलतील. थेट झोत बसला तर पानांच्या कडा पुन्हा वाळतील आणि तुम्ही पुन्हा खत शोधू लागाल.

सकाळी पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसले तर घाबरू नका. रात्री मुळांनी जास्तीचं पाणी तिथून बाहेर सोडलेलं असतं. रोज दिसू लागले तर मात्र माती अजून ओली आहे असं समजा.

शेवटचा टप्पा बाहेर नेण्याचा. दिव्याखाली वाढलेलं पान उन्हाला अनोळखी असतं. पहिल्याच दिवशी दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात, आणि लोक तो रोग समजून औषध मारतात. पहिला दिवस तासभर सावलीत, मग रोज थोडा वेळ वाढवत, सकाळच्या उन्हाची ओळख करून देत सात ते दहा दिवसांत पूर्ण वेळ बाहेर. या दिवसांत खत देऊ नका, वारा जोराचा असेल तर आत घ्या, आणि सुरुवात ढगाळ दिवशी करता आली तर उत्तम.